काकू, तो काळा मसाला आवरा

"ए, तू स्पेनला जाऊन आलीस ना? मग वाच बरं, हे काय लिहिलंय ते."

काकूंनी कंपाऊंडच्या भिंतीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या ताटाशेजारी, एक बाटली आणून ठेवली. जावयांना कंपनीतल्या साहेबाने दिलेली. त्यांनी ती स्वतःच्या घरी न फोडता सासऱ्यांसाठी पाठवली, याचं काकूंना कोण कौतुक! रविवारी लेक-जावई यायचेत, तेव्हा उघडायची असं ठरलंय.

"मटण तर करणारच आहे मी. काळ्या मसाल्याचं. चांगलं नाकातोंडातून पाणी आलं पाहिजे, असं."

मी बाटली फिरवून बघितली. रिबेरा देल दुएरो. मागच्या बाजूच्या चिठ्ठीवर 'क्रिआन्था'. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच दमात जीवही वरखाली झाला.

"काकू, ही बाटली आणि तुमचा काळा मसाला एका पंगतीला बसायचे नाहीत."

"का? इतकी सोवळ्यातली आहे का ती?"

"सोवळ्यातली नाही, तापट आहे. तुमचा मसाला त्याहून तापट. दोघं भांडतील आणि जीभ तुमच्या जावयांची भाजेल."

काकूंनी लगेच कोपर भिंतीवर टेकवलं. कोपर टेकलं की अर्धा तास हलत नाहीत, हे मला माहीत आहे. माझा कुकर लागलेला नव्हता आणि त्यांच्या बागेची खरड छाटणी कालच आटोपली होती, त्यामुळे दोघींनाही घाई नव्हती.

आमच्या नणंदबाई वायादोलिदला असतात. स्पेनच्या उत्तरेकडच्या पठारावरचं मोठं शहर. तिथून गाडीने पूर्वेला निघालं की तासाभरात दुएरो नदीच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. हा पट्टा नदीकाठाने शंभरेक किलोमीटर पसरलाय. वायादोलिद, बुर्गोस, सेगोविया आणि सोरिया अशा चार जिल्ह्यांत तो वाटला गेलाय. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. तिथल्या बागा साडेसातशेपासून नऊशेच्याही वर. उन्हाळ्यात दुपारी पस्तीस अंशांच्या पुढे भाजतं आणि रात्री अंगावर शाल घ्यावी लागते. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिथली माणसंच आपल्या हवेबद्दल म्हणतात.

"म्हणजे रंग चांगला भरत असेल मण्यांना," काकू म्हणाल्या.

बघा, म्हणून मला काकूंशी बोलायला आवडतं. दिवस तापले आणि रात्री गार झाल्या की सालीत रंग उतरतो आणि आंबटपणाही टिकून राहतो, हे मला तिथे एका गाईडने अर्धा तास लावून समजावलं होतं. काकूंना ते चाळीस वर्षांच्या बागाईतीतून ठाऊक.

"कोणतं वाण?"

"टेम्प्रानियो. पण त्या भागात तिला तिंतो फिनो म्हणतात. नियमाने बाटलीत निदान पंचाहत्तर टक्के तीच लागते. जुन्या बागांना मांडव नाही, तारा नाहीत, वाय-अँगल नाहीत. गुडघाभर उंचीचं खोड आणि वर चार-पाच फांद्या. दुरून बघितलं तर द्राक्षाची बाग वाटतच नाही, झुडपं वाटतात."

"मग एकरी निघतं किती?"

"जास्त काढायला परवानगीच नाही. हेक्टरी सात हजार किलो ही मर्यादा. म्हणजे आपल्या हिशोबाने एकरी अठ्ठावीस क्विंटल. जुन्या वेलींना तर तेवढंही लागत नाही."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्याकडे थॉमसन एकरी ऐंशी-शंभर क्विंटल काढतात आणि तरी काका रात्री वही घेऊन सुस्कारे सोडत बसतात. "अठ्ठावीसात त्यांचं भागतं कसं?"

"भागायचं नाहीच पूर्वी. द्राक्षं उपटून लोकांनी तिथे बीट लावलं होतं. साखरेचं बीट."

"अगं बाई! आपल्याकडे द्राक्ष काढून ऊस, तसं."

अगदी तसं. आणि या गोष्टीतला माझा आवडता माणूस त्या बिटातूनच वर आला. आलेहांद्रो फेर्नांदेझ. पेस्केरा गावचा. बीट काढायची यंत्रं बनवून विकायचा. त्यात हाती आलेला पैसा त्याने द्राक्षांत घातला. शेजारीपाजारी वेली उपटत होते तेव्हा हा लावत होता. १९७२ साली त्याने स्वतःची वाइनरी काढली. पुढे १९८२ साली रिबेरा देल दुएरोला स्वतंत्र नामांकन मिळालं, म्हणजे आपल्या नाशिकच्या द्राक्षांना जीआय मिळालं त्या जातीचं, फक्त नियम पुष्कळ जास्त. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्याच्या पेस्केरा वाइनला डोक्यावर घेतलं आणि बिटाची जमीन सोन्याच्या भावाने जायला लागली. २०२१ साली तो गेला.

"शेजाऱ्यांची तोंडं बघायला पाहिजे होती," काकू म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या समाधानाने म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कोणता शेजारी होता ते मी विचारलं नाही.

अर्थात त्या भागात मोठं घराणं आधीपासून एक होतंच. वेगा सिसिलिया. १८६४ सालची गोष्ट. एलोय लेकांदा नावाच्या गृहस्थाने फ्रान्सच्या बोर्दोहून द्राक्षांची रोपं आणून तिथे लावली. 'उनिको' नावाची त्यांची वाइन बाजारात यायला दहा-दहा वर्षं लागतात. आधी पिंपात, मग बाटलीत, पडून राहते. आणि ज्या वर्षी पीक मनासारखं नसेल त्या वर्षी उनिको काढतच नाहीत. १९९२ची नाही, १९९३ची नाही, २००१ची नाही.

"दोन वर्षं लागोपाठ माल विकायचा नाही? खायचं काय मग?"

"श्रीमंतांचं चालतं, काकू."

"हे खरं."

मग मी त्यांना पिंगुस नावाच्या वाइनची गोष्ट सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही. पीटर सिसेक नावाचा एक डेन्मार्कचा तरुण त्या भागात येऊन राहिला. म्हाताऱ्या वेलींचे दोन-चार तुकडे मिळवले आणि १९९५ साली पहिली वाइन केली. थोडीशीच. तीही अमेरिकेला पाठवताना १९९७ साली अझोर्स बेटांजवळ जहाजच बुडालं. पंचाहत्तर पेट्या समुद्राच्या तळाला गेल्या. आणि झालं काय, तर उरलेल्या बाटल्यांचा भाव दुपटीच्या वर गेला!

काकू क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्याचा माल बुडाला तर त्याचाच भाव वाढला. आमच्यावर गारपीट झाली की भाव वाढतो सांगलीकरांचा."

यावर मी काय बोलणार? त्यांनी मागे एकदा वाइनची द्राक्षं लावून बघितली होती. करार झाला, दोन वर्षं गाड्या गेल्या, तिसऱ्या वर्षी 'गोडाऊन भरलंय' म्हणून फोन आला. नाव नको घ्यायला. काकांनी ती बाग उपटली तेव्हापासून या घरात वाइन म्हटलं की आधी कडवट हसू येतं. म्हणूनच ही बाटली टेबलावर यायची तर नीट यावी, असं माझ्या मनात होतं.

"ते जाऊ दे. मटणाचं सांग. तिथे काय खातात हिच्याबरोबर?"

"कोकरू."

"मग मटणच झालं की!"

"ऐका तर. दूधपितं कोकरू. पस्तीस दिवसांच्या आतलं. चारा तोंडाला लागलेला नाही असं. लेचाथो म्हणतात त्याला."

"अगं बाई, पाप! आपले धनगर करतील का असं?"

मलाही पहिल्यांदा घास उतरला नव्हता. पण नणंदेच्या शेजारीणबाईंनी सांगितलं ते खरं असावं. त्या पठारावर चुर्रा जातीच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या चीजसाठी पाळल्या. दूध चीजला हवं, तर कोकरू फार दिवस आईखाली ठेवता येत नाही. नर पिल्लं म्हणून लवकर जातात. रान कोरडं. त्यात धान्य, मेंढरं आणि हे झुडपी द्राक्ष, एवढंच नीट जगतं. मग जे जगलं ते एकाच ताटात आलं. पुस्तकं लिहिणारे 'जोडी जमवा' म्हणून याद्या देतात. तिथल्या माणसांनी काही जमवलेलं नाही, समोर दुसरं काही नव्हतंच.

"मसाला काय घालतात?"

"मीठ. पाणी."

"आणि?"

"आणि थोडी चरबी. मातीच्या पसरट भांड्यात चौथाई कोकरू ठेवायचं, खाली घोटभर पाणी, वर मीठ, आणि लाकडं पेटवून तापवलेल्या घुमटाच्या भट्टीत सरकवायचं. दोन-तीन तास. वरची कातडी पापडासारखी तडकते आणि आतलं मांस चमच्याने निघतं. सोबत कांदा-सॅलडच्या पानांची कोशिंबीर आणि चपटा पाव. बस्स. आरांदा गावात अशी भट्टीची हॉटेलं ओळीने आहेत. दुपारी दोन-अडीचशिवाय कोणी जेवायलाच बसत नाही आणि साडेचारशिवाय उठत नाही."

त्याच आरांदा गावाच्या पोटात बोगदे आहेत, हेही सांगितलं. घराखाली दहा-बारा मीटर खोल, मध्ययुगापासून खणलेली तळघरं. वर बाजार भरतो आणि खाली बारमाही गारवा. पूर्वी गावची सगळी वाइन तिथेच मुरायची. आता बऱ्याच तळघरांत मित्रमंडळांचे अड्डे आहेत, संध्याकाळी तिथे पत्ते आणि चॉप चालतात. नणंदेच्या नवऱ्याला अशा एका मंडळात शिरकाव मिळाला आहे आणि तेव्हापासून तो शुक्रवारी घरी सापडत नाही. (हे तुमच्या-माझ्यात, काकू.)

"पण मिठा-पाण्यात शिजवलेलं ते दारूशी जुळतं आणि माझं का नाही, ते सांग. माझं मटण काही कमी नाही."

तर मग सांगावंच लागलं. "काकू, सुपारीचं खांड चघळलं की तोंड कसं कोरडं पडतं? ही वाइन तशी तुरट आहे. जाड सालीची द्राक्षं, सालीसकट बरेच दिवस आंबवलेली, वर ओकच्या पिंपात वर्षभर. तो तुरटपणा आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून जीभ खरखरीत होते. पण तोंडात मांसाचा घास असला, चरबी असली, तर तो त्यांना धरतो आणि जीभ सुटते. चरबी खाल्ली की घोट मऊ लागतो आणि घोट घेतला की चरबीचा तवंग निघून जातो. मीठ तर कडूपणा मारतंच."

"आणि तिखट?"

"तिखटाचं उलटं. हिच्यात अल्कोहोल चौदा-साडेचौदा टक्के. मिरचीने आधीच पेटलेल्या जिभेवर ते पडलं की आणखी पेटतं. तुरटपणाही दुप्पट वाटतो. फळाचा वास, पिंपाचा व्हॅनिलासारखा गोड वास, सगळं जळून जातं. मग जावई म्हणणार, काय कडू दारू दिली साहेबाने! दारू बिचारी चांगली आणि तुमचं मटणही चांगलं."

काकूंनी कुरडईचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. विचार करताना त्या असं काहीतरी मोडतात.

"तुझे काका तर म्हणत होते, पापलेट फ्राय करू."

"नको! तेवढं नका करू. लाल वाइनमध्ये लोह असतं, ते माशाशी जमलं की तोंडात शिळ्या मासळीचा वास येतो. जपानी संशोधकांनी २००९ साली नीट तपासून दाखवलंय. माशाला त्याच नदीच्या खालच्या अंगाची रुएदाची पांढरी वाइन असते, ती वेगळी."

आता काकूंना रस यायला लागला होता. "शाकाहारी काय खाणार? आमच्या विहीणबाई येतायत सोबत. त्या अंडंसुद्धा खात नाहीत."

स्पेनमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं आहे. डाळीतही सॉसेज घालून ठेवतात. पण त्याच डाळीवरून मला सुचलं. वायादोलिदच्या वरच्या अंगाला तिएर्रा दे काम्पोस नावाचा प्रदेश आहे, तिथली बारीक तपकिरी मसूर प्रसिद्ध. आपला अख्खा मसूर घ्यावा, कांदा-लसूण तेलात चांगला लालसर होऊ द्यावा, मिरचीच्या जागी रंगापुरती बेडगी घालावी. तिथले लोक धुरावर वाळवलेल्या लाल मिरच्यांची पूड घालतात, ला वेरा भागातली, तिला वास भरपूर आणि जाळ जवळजवळ नाही. दुसरं, अळंबी. पावसानंतर तिथल्या पाइनच्या रानात नारिंगी अळंबी उगवतात, लोक टोपल्या घेऊन निघतात. लसूण आणि तेलावर परतलेल्या, एवढ्याच. आपल्या बाजारातल्या बटण अळंबीही चालतील, पण पाणी पूर्ण आटवून कडा तांबूस करायच्या. तिसरं, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं किंवा लाल ढोबळी मिरची, सालं काढून, मीठ आणि तेल लावून. भरीत नव्हे, मिरचीचा ठेचा त्यात नको.

"चीज?"

"मेंढीचं जुनं, कडक चीज मिळालं तर सोन्याहून पिवळं. थामोराचं सगळ्यात भारी. आपलं पनीर मात्र हिच्यापुढे उभं राहत नाही, ओलं आणि मऊ पडतं."

"आणि गोड? पुरणपोळी करणार होते."

"करा की. पण तोवर ग्लास उचललेले असू देत. गोडावर ही प्यायली तर आंबट आणि तुरट, एवढंच उरतं. काही लोक डार्क चॉकलेटबरोबर पितात. मला ते कधी पटलेलं नाही. दोन कडू एकत्र केले की गोड होतात का?"

मध्येच काकांनी आतून हाक मारली. काकूंनी "आले" म्हणून उत्तर दिलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"त्या चिठ्ठीवर क्रिआन्था आहे म्हणालीस. ते काय, कंपनीचं नाव?"

"वय आहे ते. या भागात क्रिआन्था म्हणजे दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. रेसेर्वा तीन वर्षांची. ग्रान रेसेर्वा पाच वर्षांची, त्यातली दोन पिंपात. नियामक मंडळ स्वतः ही चिठ्ठी छापून देतं, क्रमांकासकट, म्हणून लबाडी करायला वाव नाही."

"म्हणजे साहेबाने कमी वयाची दिली."

"अहो, बरं झालं! ग्रान रेसेर्वा म्हातारी, मवाळ, नाजूक असते. जेवणाला क्रिआन्थाच रग्गड. तिथेही रोजच्या जेवणात लोक हीच पितात, नाहीतर याहून कोवळी. इथे आयात शुल्क चढून किंमत भलतीच होते म्हणून आपण तिला देव्हाऱ्यात बसवतो. तिथे चोवीस तास उघडे असल्यासारखे बार आहेत, उभ्याउभ्याने छोटा ग्लास पितात आणि मोर्थियाची एक चकती खातात. मोर्थिया म्हणजे..." इथे मी थांबले. रक्त आणि तांदूळ भरलेलं सॉसेज काकूंना कुरडया वाळत असताना सांगावं का, असं झालं.

"म्हणजे काय?"

"रक्ती आणि भात, आतड्यात भरून."

"मग त्यात काय एवढं? आमच्या माहेरी बोकड कापला की रक्ती पहिली व्हायची, चुलीवर." काकूंनी मलाच लाजवलं.

तिथला आणखी एक प्रकार त्यांना फार आवडेल असं वाटून मी सांगितला. छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या वाळक्या काड्यांचा जाळ करतात. काड्या भर्रकन पेटतात, पटकन निखारा पडतो, आणि त्यावर कोकराच्या बरगडीचे छोटे चॉप जाळीत धरून मिनिटा-दोन मिनिटांत भाजतात. मीठ वर. बागेतच, उभ्याने खायचे. ज्या वेलीची वाइन, तिच्याच काडीचा धूर.

काकूंचे डोळे चमकले. "काड्या? माझ्या बांधावर कालच्या छाटणीचा ढीग पडलाय!"

आणि मग दुसऱ्याच क्षणी त्यांनी मान हलवली. "नको गं. किती फवारे झालेत त्यावर. मोरचूद, आणखी काय काय. तो धूर मटणाला द्यायचा नाही. बाभळीच्या कोळशावर करू."

"तेच बरं. आणि काकू, रविवारी मटण शिजवताना नातवंडांसाठी अळणी बाजूला काढता ना तुम्ही? मसाला घालायच्या आधी?"

"काढते की. हळद, मीठ, आलं-लसूण. चरबीचा तवंग आलेलं."

"तेच वाढा जावयांना. रस्सा नव्हे, त्यातले तुकडे काढून निखाऱ्यावर जरा तडकवा, वर जाडं मीठ. बाजरीची नको, ज्वारीची भाकरी. आणि बाटली टेबलावर तापत ठेवू नका. या महिन्यात आपल्या घरातली हवा पस्तीसच्या वर, तेवढ्यात ही नुसती दारूसारखी झोंबते. सोळा-अठरा अंश हवेत. जेवणाच्या तीनेक तास आधी फ्रीजमध्ये घाला, अर्धा तास आधी बूच काढून स्टीलच्या तांब्यात ओता, हवा लागू दे."

"तांब्यात? जावयांपुढे?"

"मग तुमची ती काचेची सरबताची सुरई काढा."

काकूंनी हिशोब जुळवला. किलोभर अळणी, किलोभर काळ्या मसाल्याचं, विहीणबाईंना अख्खा मसूर. जावई वाइनबरोबर अळणी खातील. वाइन संपली की मग तिखट वाढायचं, म्हणजे कुणाचं नाव खराब होणार नाही.

"आणि काकांना?"

"त्यांना तिखट मटण आणि ताक. शुगर किती आहे त्यांची, माहितीये का तुला? तू ये मात्र. साडेबारापर्यंत. ते बूच काढायचं यंत्र आमच्याकडे नाही, तुझ्याकडचं घेऊन ये. आणि तुझ्या त्या नंदेच्या नवऱ्याचं काय म्हणालीस, शुक्रवारी कुठे जातो तो?"